साडूकडे गेलेली बेचाळीस

टेस्टरने जन्मात एकदाच घाई केली, आणि तीसुद्धा तासभर विचार करून.

त्याचं असं झालं. एका कंपनीने आपल्या फिरत्या विक्रेत्यांच्या छोट्या गाड्या विकायला काढल्या होत्या. बाकीच्या गेल्या, दोन उरल्या. दोन्ही करड्या, दोन्ही एकाच महिन्यात रस्त्यावर आलेल्या, नंबरही लागोपाठचे. एकीच्या शेवटी एक्केचाळीस, दुसरीच्या शेवटी बेचाळीस. जुळ्या बहिणीच म्हणा. आणि बघायला गेले होते दोन सख्ख्या बहिणींचे नवरे, टेस्टर आणि त्याचा साडू गादीवाला.

टेस्टर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्तरी. सदतीस इमारतींच्या लिफ्ट त्याच्या भरवशावर वर जायच्या आणि, जास्त महत्त्वाचं म्हणजे, खाली यायच्या. शर्टाच्या खिशाला टेस्टर अडकवल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे. लग्नाच्या फोटोतही कोटाच्या खिशातून ती लाल मूठ डोकावते आहे. सासरच्या मंडळींनी त्याच दिवशी नाव ठेवलं, ते कायमचं चिकटलं.

गादीवाल्याचं गाद्यांचं दुकान. धंद्याची त्याची एकच युक्ती होती. दुपारचं जेवण झालं की काचेलगत मांडलेल्या गादीवर तो आडवा व्हायचा आणि दोन मिनिटांत घोरायला लागायचा. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. एवढ्या गाढ झोपलेल्या माणसाला बघून एखादा आत यायचा, त्याला हलवून उठवायचा आणि म्हणायचा, "हीच द्या."

तर हे दोघे गाड्या बघत होते. म्हणजे टेस्टर बघत होता. दोन्ही गाड्यांखाली पोतं अंथरून आडवा झाला, टायरच्या खाचांत काडी घालून झाली, आतून बाहेरून ठोकून झालं. गादीवाला मागच्या सीटवर बसून दोनदा उसळला आणि म्हणाला, "बसायला झकास आहे."

"गाडी अशी बघतात का?" टेस्टरने विचारलं.

"तुम्ही बघताय ना, मग मी कशाला बघू? तुम्हाला कळतं, साडूभाऊ. निवडा तुम्ही. उरेल ती माझी."

टेस्टरने बेचाळीस निवडली. किल्ली घेतली, आवारात एक फेरी मारली. आणि वळणावर आवाज आला. टिक्. पुढच्या वळणावर पुन्हा, टिक्. दुसऱ्या कुणाला ऐकूही गेला नसता, पण वीस वर्षं लिफ्टच्या तारांना कान लावलेला हा माणूस. आवाज म्हणजे आजार, असं त्याचं ठाम मत. तो थांबला, विचार केला, पुन्हा फेरी मारली, पुन्हा टिक्. तासाभराने किल्ली परत केली आणि म्हणाला, "मी एक्केचाळीस घेतो."

गादीवाल्याने "बरं" म्हटलं. एवढंच. पुढे तीन वर्षं टेस्टरला त्या "बरं"चा राग येत राहिला. माणसाने निदान दोन प्रश्न विचारावेत की नाही?

पहिल्याच महिन्यात एक्केचाळीसचा हॉर्न वाजायला लागला आणि थांबेना. पावणेदोन किलोमीटर टेस्टर असा आला की लोकांना वाटलं मागून आगीचा बंब येतोय. मग बॅटरी. मग पंख्याचा पट्टा. मग एकदा ऐन चौकात गाडी अशी बंद पडली की सिग्नल चार वेळा हिरवा झाला आणि मागच्या रिक्षावाल्याने आपुलकीने विचारलं, "काका, कुठला हिरवा आवडतो तुम्हाला?"

इकडे बेचाळीस चालतच होती. गादीवाला तिच्यात गाद्या कोंबायचा, टपावर गाद्या बांधायचा, एकदा तर डबल बेड आडवा टाकून घेऊन गेला. गाडी धुळीने माखलेली, काचेवर पक्ष्यांनी केलेली नक्षी. आणि किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू.

"तुम्ही तिचं काय करता हो?" टेस्टरने एकदा न राहवून विचारलं.

"पेट्रोल घालतो," गादीवाला म्हणाला.

हे उत्तर टेस्टरला रात्रंदिवस टोचायचं. रस्त्यात कुठेही करडी गाडी दिसली की त्याची नजर आधी नंबरावर जायची. बेचाळीस दिसली की ती दिसेनाशी होईपर्यंत तो मान वळवून बघत राहायचा. तासभर ती आपली होती! किल्ली या हातात होती! जे सुख आपल्या वाटणीचं होतं ते तो माणूस टपावर गाद्या बांधून हिंडवतोय, आणि त्याला त्याचा पत्तासुद्धा नाही.

वास्तविक एक्केचाळीसचे जेवढे लाड होत, तेवढे घरात दुसऱ्या कुणाचे होत नसत. लिफ्टच्या मशीनखोलीत एक पुठ्ठ्याचं कार्ड टांगलेलं असतं. कधी उघडली, काय पाहिलं, खाली सही. तसंच कार्ड टेस्टरने गाडीच्या डिकीत दोऱ्याने टांगलं. दर रविवारी सकाळी बॉनेट उघडायचं, एकेक नट आवळायचा, एकेक वायर काढून, पुसून, परत बसवायची, कार्डावर सही करायची आणि समाधानाने आंघोळीला जायचं. बायको दारातून म्हणायची, "अहो, ती चालतेय ना आज? मग कशाला उघडताय?"

"चालतेय तोवरच बघायचं असतं. बंद पडल्यावर कुणीही बघेल."

"आणि तरी तीच बंद पडते. ताईची बघा."

ताईची बघा! या दोन शब्दांवर टेस्टरचा चहा निवायचा.

पण खरी नाचक्की झाली ती सासऱ्यांच्या पहिल्या डोळ्याच्या वेळी.

सासरे निवृत्त बस ड्रायव्हर. एकतीस वर्षं बस चालवली, कुणाला साधं खरचटलंही नाही. बोलणं मोजकं. घरातल्या बायकांच्या दृष्टीने दोन्ही जावई सारखेच होते, पण सासऱ्यांचा हिशेब वेगळा. माणूस पारखायचा तर त्याच्या गाडीत बसून, असं त्यांना वाटे. कोण ब्रेक कसा मारतो यावरून ते नातेवाइकांच्या स्वभावाची चिकित्सा करत. लिफ्टवाल्या जावयाचं त्यांना आधीपासून कौतुक होतं. "सदतीस इमारती सांभाळतो, खेळ नाही," असं ते शेजाऱ्यांना सांगत. टेस्टरला मुलगी दिली ती याच कौतुकापोटी, आणि टेस्टरला त्याची जाणीव होती.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनला टेस्टर त्यांना एक्केचाळीसमधून घेऊन निघाला. पुलाच्या बरोबर मधोमध गाडीने मान टाकली. सासरे शांतपणे खाली उतरले, छत्री उघडली आणि कठड्याला टेकून नदीकडे बघत उभे राहिले, जी त्यांना दिसत नव्हती. टेस्टर बॉनेटमध्ये डोकं घालून घामाघूम. तेवढ्यात मागून बेचाळीस आली. टपावर दोन गाद्या.

"अरेच्चा! साडूभाऊ! मामा, या, बसा यात." दोघेही जावई सासऱ्यांना मामाच म्हणत.

सासऱ्यांनी छत्री मिटली आणि बेचाळीसमध्ये बसले. जाताना काचेतून एक वाक्य बोलले, "जावईबापू, तुम्ही या सावकाश." त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

आता दुसरा डोळा. गुरुवारची तारीख मिळाली, सकाळी आठला पोचायचं. सगळे सासऱ्यांकडे जेवायला जमले होते तेव्हा विषय निघाला.

"बेचाळीस आहेच की," मेहुणी, म्हणजे गादीवाल्याची बायको, म्हणाली. "भाऊजी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं."

"मी कशाला लावून घेऊ?" टेस्टर म्हणाला आणि पाण्याचा पेला इतका जोरात ठेवला की सगळ्यांनी ताटावरून माना वर केल्या.

"मी नेतो मामांना," तो पुढे म्हणाला.

त्याच्या बायकोने टेबलाखालून पाय मारला. गादीवाला जेवत होता, त्याने आणखी एक पोळी मागून घेतली. सासरे म्हणाले, "त्या दिवशी सकाळी बघू. बस कुठली घ्यायची ते मी डेपोत गेल्यावर ठरवायचो."

म्हणजे दार उघडं होतं. टेस्टरला आता जगात दुसरं काही नको होतं. मामांनी स्वतःच्या पायांनी चालत यावं आणि एक्केचाळीसचं दार उघडावं, बस्स.

शनिवारी दुपारी गादीवाला बायकोसह हजर. किल्ली टेस्टरच्या हातावर ठेवून म्हणाला, "साडूभाऊ, गुरुवारी मामांना न्यायचंय. एकदा नजर टाका हिच्यावर. तुमचा हात लागला की मला घोर नाही."

"तुम्हाला कधी घोर असतो?"

"नाही, पण हिला असतो," गादीवाला बायकोकडे बोट दाखवून म्हणाला, आणि दोघं भाजी आणायला निघून गेले.

टेस्टर बेचाळीससमोर एकटा उभा राहिला. तीन वर्षांनी पुन्हा ती किल्ली हातात. बॉनेटची कळ दाबली तर हलेना. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा करकरत उघडली. आत धुळीची साय, एका कोपऱ्यात वाळलेलं पान. आणि नटांवर पिवळा रंग.

कारखान्यात नट आवळला की त्यावर रंगाचा एक फराटा ओढतात, नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत. नट कुणी फिरवला तर रेघ तुटते. लिफ्टच्या मोटारीलाही असते. बेचाळीसच्या नटांवरची एकही रेघ तुटलेली नव्हती. जन्मल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता.

टेस्टर शेजारी उभ्या असलेल्या एक्केचाळीसकडे गेला, तिचं बॉनेट उघडलं. अख्ख्या इंजिनावर एकही रेघ जुळत नव्हती. नटांचे कोपरे पान्याने झिजून गोल झालेले. त्याने डिकीतून कार्ड आणलं आणि पायरीवर बसून वाचलं. रविवारी उघडली. मंगळवारी बंद. रविवारी उघडली. सोमवारी हॉर्न. रविवारी उघडली, वायरी काढून पुसल्या. बुधवारी पूल, मामा. सगळ्याखाली आपलीच सही, वळणदार.

लिफ्टच्या कामात एक नियम आहे. उघडलेली लिफ्ट बंद केली की ती आधी रिकामी तीन वेळा खाली-वर न्यायची. काही ढिलं राहिलं असेल तर तेव्हाच कळतं. मगच माणसं. टेस्टरने वीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता, सदतीस इमारतींत. स्वतःच्या दारात मात्र तो रविवारी बॉनेट लावून थेट आंघोळीला जायचा, आणि सोमवारी त्यात माणसं बसायची.

कळलं. पण कळून बरं वाटायला हवं होतं, तसं काही झालं नाही. उलट आणखीच भडका उडाला. म्हणजे हा माणूस काहीच करत नाही म्हणून याची गाडी चालते? आळसाचं बक्षीस? आणि आपण तीन वर्षांचे सगळे रविवार वाहिले!

तो बेचाळीसकडे परतला. इंजिनाच्या कडेला अंगठ्याएवढा एक काळा प्लग असतो. तो सुटला की गाडी जागच्या जागी बंद. टेस्टरने तो दोन बोटांत धरला. डोळ्यासमोर पूल आला. पुलावर बेचाळीस, बॉनेट उघडं, गादीवाला डोकं खाजवतोय. काय सुंदर चित्र! त्याने प्लग अर्धा ओढलासुद्धा. मग त्या चित्रात छत्री उघडली गेली, आणि छत्रीखाली मामा दिसले, न दिसणाऱ्या नदीकडे बघत.

त्याने झटक्यात प्लग परत आत दाबला आणि बॉनेट आपटलं, जणू कुणी बघत होतं.

"काय निघालं?" गादीवाल्याने परत आल्यावर विचारलं.

"काही नाही."

"टेस्टर आणि काही नाही?" मेहुणी म्हणाली. "भाऊजी, बरं आहे ना?"

दुसऱ्या दिवशी रविवार. टेस्टरने एक्केचाळीसला हात लावला नाही. नऊ वाजता तो कोचावर बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. साडेनऊला बायकोने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी गाडी गेली आणि आली.

गुरुवारी सातला दोन्ही करड्या गाड्या सासऱ्यांच्या दारात उभ्या होत्या. सासरे काठी टेकत बाहेर आले. आधी बेचाळीसपाशी गेले, दाराची मूठ चाचपली. मग ते एक्केचाळीसपाशी आले आणि बॉनेटवर तळहात ठेवला.

"ही गरम आहे," ते म्हणाले. "कुठे जाऊन आली?"

"दवाखान्यात. तीनदा."

"कोण होतं आत?"

"कुणी नाही, मामा. रिकामी."

सासऱ्यांनी मान हलवली. "आणि उघडून काय काय केलंत?"

टेस्टरने बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "काहीच नाही केलं."

"मग बसतो," सासरे म्हणाले आणि दार उघडून पुढच्या सीटवर बसले.

मागे बायको बसली. गादीवाला नेहमीसारखा "बरं" म्हणाला आणि आपल्या बायकोला घेऊन बेचाळीसमध्ये बसला. एक्केचाळीस निघाली. चौक गेला. पूल आला. मागे जिथे मान टाकली होती तो मधोमधचा सांधा गेला, आणि टेस्टरने तीन वर्षांत पहिल्यांदा खिडकीवर कोपर टेकवून गाडी चालवली. सासऱ्यांचा ब्रेकचा पाय, जो दुसऱ्याच्या गाडीत कायम दाबलेला असायचा, आज सैल पसरला होता.

दवाखान्यात पोचून सासऱ्यांना खुर्चीत बसवल्यावर बायको म्हणाली, "ताई कुठे राहिली?"

फोन वाजला. मेहुणी. "भाऊजी! पुलावर बंद पडली! कधी नव्हे ती! तुम्ही बघितली होती ना शनिवारी?"

टेस्टरने तीन वर्षं या फोनची वाट पाहिली होती. आता आला, तर तो आपलीच दोन बोटं बघू लागला. प्लग. दाबला होता, पण 'टक्' आवाज आला होता का? आठवेना. आवाज ऐकण्यावर पोट भरणाऱ्या माणसाला तो एक आवाज आठवेना.

बायकोला वडिलांपाशी ठेवून तो पुलावर गेला. मेहुणी कठड्यापाशी पदर डोक्यावर घेऊन उभी होती, आणि चेहरा असा की नदीनेही वळसा घालून जावं.

"गादीवाले कुठे आहेत?"

तिने गाडीकडे हनुवटी उडवली. गादीवाला मागच्या सीटवर आडवा होता. गाढ. बाजूने ट्रक जात होते, हॉर्न वाजत होते, गाडी हादरत होती, आणि त्याच्या पोटावर हात कसे अलगद ठेवलेले! टेस्टर काचेतून बघतच राहिला. एक्केचाळीस इथेच बंद पडली तेव्हा तो तासभर उन्हात स्वतःला शिव्या देत होता. इथे हा झोपलाय. गाडीचा हेवा तीन वर्षांचा होता, तो आता एकदम क्षुल्लक वाटायला लागला. या झोपेपुढे बेचाळीस म्हणजे काहीच नव्हे. ही झोप मात्र कुठल्या आवारात विकायला निघत नाही.

त्याने बॉनेट उघडलं. प्लग अर्धवट लोंबत होता, त्याच्या अंगावर टेस्टरच्या बोटांचे काळे ठसे. त्याने तो दाबला. टक्.

"आले का साडूभाऊ?" मागून जांभई आली. "मला वाटलंच, येतील. काय झालं होतं?"

टेस्टरने एक क्षण नदीकडे पाहिलं. "माझ्या हातचं राहिलं. शनिवारी हा मी ओढला होता. नीट बसवला नाही."

"कशाला ओढला होता?" मेहुणीने विचारलं.

टेस्टर फडक्याने बोटं पुसायला लागला. गादीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग डोळे चोळले. "बघताना ओढावा लागत असेल गं. राहतं माणसाच्या हातून. चला."

"थांबा," टेस्टर म्हणाला. "उघडलेली आहे. आधी तीन फेऱ्या रिकामी न्यायला हवी. तुम्ही दोघं माझ्या गाडीनं पुढे व्हा. मामा आत जायच्या आधी पोचा."

त्याने एक्केचाळीसची किल्ली गादीवाल्याच्या हातावर ठेवली आणि बेचाळीसमध्ये बसला. पहिल्या झटक्यात सुरू. पुलावरून गेला, वळून आला. लोण्यासारखी गाडी. दुसरी फेरी. हात सहज फिरत होते, गिअर बोट लावताच पडत होता. तिसऱ्या फेरीला पुलाखालच्या वळणावर आवाज आला.

टिक्.

टेस्टरने गाडी कडेला घेतली. पुन्हा वळवून पाहिली. टिक्. या वेळी कान टवकारलेला होता. त्याने डाव्या हाताने समोरचा कप्पा उघडला. आत जुन्या बिलांच्या मागे, पत्र्याच्या खाचेत, पेनाचं एक निळं टोपण घरंगळत होतं. कंपनीच्या कुणा विक्रेत्याचं. वळणावर इकडे, वळणावर तिकडे.

तो बराच वेळ ते टोपण तळहातावर घेऊन बसला. मग ते शर्टाच्या खिशात टाकलं, लाल मुठीशेजारी, आणि दवाखान्याकडे निघाला. गाडी आता अजिबात आवाज करत नव्हती. गादीवाल्याच्या ते लक्षातही येणार नव्हतं.

मामांना आत नेण्याआधी तो पोचला. गादीवाला बाकावर बसल्या बसल्या पुन्हा पेंगत होता. एक्केचाळीसची किल्ली परत देताना डोळे न उघडताच म्हणाला, "चांगली आहे हो तुमची गाडी, साडूभाऊ. आवाज नाही, काही नाही. बदलायची का?"

टेस्टरने खिशावर हात ठेवला. हो म्हणायला तोंड उघडलं होतं. पण सासरे ऐकत होते.

"नको," तो म्हणाला. "मामा हिच्यात बसून आलेत."